चाड्यावरची मूठ आणि लेझरचे शंभर किरण

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की बिलोली तालुक्यातल्या काळ्या रानात पेरणीची घाई उडते. आता बहुतेकांच्या शेतात ट्रॅक्टरमागचे पेरणी यंत्र फिरते, तरी तिफणीवर पेरलेली पिढी अजून आपल्यात आहे. ती तिफण डोळ्यांपुढे आणा. वर लाकडी चाडे, त्याच्या भोकांतून निघालेल्या तीन नळ्या आणि खाली तीन फण. बैलजोडी एकच, चाड्यावर मूठ धरणारी बाईही एकच. पण एका फेरीत रानात तीन तास पडतात. बैल तिप्पट वेगाने पळवून हे साधले नसते. बी कुठे उथळ, कुठे वाकडे पडले असते आणि बैलही दुपारपर्यंत दमले असते. ज्याने कोणी पहिल्यांदा एका चाड्याला तीन नळ्या जोडल्या, त्याने वेगाचा प्रश्न वेग न वाढवता सोडवला.

जगातल्या सर्वांत बारीक कारागिरी करणाऱ्या यंत्रांपुढे गेली काही वर्षे हाच प्रश्न उभा आहे आणि त्याचे उत्तरही ती याच वळणाने शोधत आहेत. लेझरच्या एका जोरदार किरणाचे शंभर किंवा हजार किरण करायचे आणि एकाच वेळी शंभर ठिकाणी भोक पाडायचे, खाच कोरायची किंवा धातू वितळवायचा. मोबाइलचे सर्किट, हृदयात बसवायचे स्टेंट, सौर पॅनेल, रॉकेटचे इंजिन अशा अनेक वस्तूंच्या कारखान्यांना या शोधाचे महत्त्व आहे. बिलोलीच्या वाचकाने त्यात का शिरावे, याचे उत्तर पुढे देऊ. आधी गोष्ट नीट समजून घेऊ.

लेझर म्हटले की आपल्याला पत्रा कापणारे यंत्र आठवते. फाटकांच्या जाळ्या, नावाच्या पाट्या, देवघराची नक्षी हे सारे आता लेझर कटिंगवर होते. तिथे किरण सलग पडतो, धातू वितळतो आणि नोझलमधून येणारा गॅस तो रस खाली उडवून देतो. कडेला थोडी बर राहिली तर ग्राइंडर फिरवता येतो. पण भोक केसाच्या जाडीहून बारीक हवे असेल तर वितळलेल्या धातूचा एक थेंबही काम बिघडवतो. अशा कामासाठी अतिलघु स्पंदांचे लेझर वापरतात. त्यातला प्रकाश सलग नसतो, तुटक ठोक्यांनी येतो. एक ठोका एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या भागाइतका, म्हणजे एका पिकोसेकंदाच्या आसपास टिकतो. काही यंत्रांत त्याहूनही कमी. धातूतल्या इलेक्ट्रॉनांनी ही ऊर्जा घेऊन शेजारच्या अणूंकडे सोपवण्याच्या आत ठोका संपलेला असतो. उष्णता आजूबाजूला पसरायला वेळच मिळत नाही. जिथे प्रकाश पडला तिथला पातळ थर वाफ होऊन उडतो आणि शेजारचा धातू जवळजवळ थंड राहतो.

अडचण इथून सुरू होते. प्रत्येक पदार्थाचा एक उंबरठा असतो. दर चौरस सेंटिमीटरवर अमुक इतकी ऊर्जा पडली तरच थर उडतो. त्याखाली पडली तर नुसते तापते. उंबरठ्याच्या वर गेलो की काम जोरात होते, पण किती वर जावे यालाही मर्यादा आहे. गणित आणि प्रयोग दोन्ही सांगतात की किरणाच्या मध्यावरची ऊर्जा उंबरठ्याच्या साधारण सात ते साडेसात पट असताना खर्चलेल्या ऊर्जेमागे सर्वांत जास्त धातू निघतो. त्यापलीकडे घातलेली ऊर्जा वाया जाते, आणि वाया जाणारी ऊर्जा उष्णता होऊन शेजारच्या धातूत मुरते. कडा काळवंडतात, बर येते, भोकाचा आकार बिघडतो. अगदी बारीक ठिपक्यासाठी एका ठोक्याला काही मायक्रोज्यूल ऊर्जा पुरते. आजची औद्योगिक यंत्रे मात्र एका ठोक्यात शेकडो मायक्रोज्यूल सहज देतात. विहिरीला दहा हॉर्सपॉवरची मोटर बसवावी आणि सारे पाणी एकाच रोपाच्या बुडाशी सोडावे, असा हा प्रकार. रोप वाहून जाईल, बाकीचे रान कोरडे राहील.

मग ठोके लहान करून ते जास्त भरभर मारले तर? तोही उपाय आहे, पण सेकंदाला लाखो ठोके एकाच जागी पडू लागले की उष्णता साचते. ती साचू नये म्हणून किरण पळता ठेवावा लागतो. त्यासाठी यंत्रात छोटे आरसे असतात आणि ते हलवण्याच्या वेगाला मर्यादा आहे. आरशालाही वजन असते. त्याला थांबवून उलट फिरवायला वेळ लागतो. भिंगरीसारखे गरगर फिरणारे बहुकोनी आरसे वापरून हा वेग पुष्कळ वाढवता येतो, आणि काही कामांना तोच मार्ग बरा. दुसरा मार्ग म्हणजे किरणाची वाटणी.

या वाटणीने किती फरक पडतो ते सांगायला जर्मनीतल्या आखेनच्या फ्राउनहोफर लेझर संस्थेने भाग घेतलेला एक प्रकल्प पुरेसा आहे. सांडपाण्यातले प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण अडवण्यासाठी तिथे धातूच्या पातळ पत्र्याची गाळणी तयार केली. भोके प्रत्येकी 10 मायक्रॉन व्यासाची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करावा. अशी भोके किती, तर 5 कोटी 90 लाख. आता कागदावर मांडून पाहा. एका किरणाने सेकंदाला एक भोक पाडले तर 5 कोटी 90 लाख सेकंद लागतील. दिवसरात्र यंत्र चालू ठेवले तरी 683 दिवस, म्हणजे दोन वर्षांना थोडेच कमी. एका गाळणीसाठी दोन वर्षे कोणी थांबणार नाही. ती गाळणी प्रयोगशाळेतच पडून राहील. किरणाचे शंभर भाग केले की तेच काम याच हिशेबाने सात दिवसांवर येते. तिथल्या तंत्रज्ञांनी एका वेळी शंभराहून अधिक भोके पाडली. दोन वर्षे आणि एक आठवडा, या फरकावर एखादी वस्तू बाजारात येणार की नाही हे ठरते. मांजरा-गोदेच्या काठी राहणाऱ्यांना नदीत काय मिसळते आणि काय गाळले जाते याची काळजी आहेच. ही गाळणी आपल्या नगरपालिकांपर्यंत कधी येईल ते सांगता येत नाही, पण तिचा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे.

किरण वाटायचा कसा? कारखान्यात सर्वांत जास्त वापरली जाते ती एक काच. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या पायऱ्या कोरलेल्या असतात. प्रकाश ही लाट आहे. येसगीच्या पुलाखाली मांजरेचे पाणी वाहते तेव्हा एका खांबाला आपटून निघालेल्या लाटा दुसऱ्या खांबाच्या लाटांना भेटतात. काही ठिकाणी उंचवट्यावर उंचवटा चढून पाणी उसळते, काही ठिकाणी उंचवटा आणि खळगा एकमेकांना जिरवतात. काचेवरच्या पायऱ्या अशाच बेताने कोरतात की ठरलेल्या दिशांना प्रकाश उसळावा आणि बाकीच्या दिशांना जिरावा. आत एक किरण जातो; बाहेर दहा बाय दहाची, हवी तर त्याहून मोठी रांगोळी निघते. ठिपके जितके हवे तितके. चेक प्रजासत्ताकात प्रागजवळच्या हायलेझ केंद्रातील संशोधकांनी एका ओळीत 201 अशा 201 ओळी, म्हणजे 40,401 किरण एकाच वेळी वापरून पाणी न चिकटणारे पृष्ठभाग तयार करून दाखवले.

काचेची मर्यादा ही की नक्षी एकदा कोरली की कायमची. दुसरी नक्षी हवी तर दुसरी काच. म्हणून दुसरा प्रकार आला तो द्रवस्फटिकांच्या पडद्याचा. घरच्या टीव्हीच्या पडद्याचाच तो दूरचा भाऊ. संगणकाकडून आज्ञा आली की त्यावरची नक्षी बदलते आणि किरणांची मांडणीही बदलते. पण हा पडदा नाजूक असतो, फार जोराचा लेझर त्याला सोसत नाही, आणि नक्षी बदलण्याचा त्याचा वेग लेझरच्या ठोक्यांपुढे फारच कमी. तिसरा मार्ग म्हणजे प्रत्येक किरणाला वेगळा दरवाजा लावायचा. मल्टिफ्लेक्स नावाच्या युरोपीय प्रकल्पाने 64 किरण असे घेतले की प्रत्येक किरण स्वतंत्रपणे चालू-बंद करता येईल. आपल्याकडे तिफणीमागे सरते बांधून मधला तास तुरीचा पेरतात, त्याची इथे आठवण होते. सगळ्या नळ्यांतून एकच बी पडले पाहिजे असे नाही, हे सरत्यावर चालणाऱ्याला कोणी शिकवायला नको.

वाटणी म्हटली की भांडण आलेच. चाड्यावरची मूठ सैल सुटली तर एका तासात बी दाट पडते, दुसऱ्यात विरळ, आणि मग उगवल्यावर नांग्या भरत बसावे लागते. पिकात नांग्या भरता येतात. पत्र्यातल्या जवळपास सहा कोटी भोकांपैकी दहा हजार अर्धवट राहिली तर ती शोधून पुन्हा पाडणे जवळपास अशक्य. शंभर किरणांपैकी काहींत थोडी ऊर्जा जास्त आणि काहींत कमी झाली तर कमीवाला उंबरठ्याखाली घसरतो आणि जास्तवाला कडा जाळतो. काचेतून जाताना थोडा प्रकाश न वळता सरळ निघून जातो आणि मधोमध एक नको असलेला ठळक ठिपका पडतो. त्याला आडोसा करावा लागतो. किरण एकमेकांच्या फार जवळ आले तर प्रत्येकाची थोडीथोडी उष्णता एकत्र साचते आणि ज्या उष्णतेतून सुटण्यासाठी ही सारी खटपट केली तीच मागच्या दाराने परत येते. फणांमधले अंतर जसे पिकावरून ठरते, तसे किरणांमधले अंतर धातूवरून आणि ठोक्यांच्या वेगावरून ठरते. हे अंतर ठरवायला पुस्तक थोडेच उपयोगी पडते. हात आणि डोळा लागतो. या तंत्राबद्दल उत्साहाने लिहिणारे पुष्कळ लोक किरणांचा आकडा सांगून थांबतात. आमच्या मते खरे कौशल्य वाटणीच्या समतोलात आहे आणि म्हणूनच इथे माणसाला जागा आहे.

एका लेझरचे अनेक किरण करण्याऐवजी अनेक लेझर एकत्र आणण्याचीही पद्धत आहे. ती धातूच्या थ्रीडी छपाईत रुजली. धातूची भुकटी पातळ थरात पसरायची, जिथे भाग घडवायचा तिथे लेझरने ती वितळवायची, पुन्हा थर पसरायचा. भाग सुबक होतो, पण कामाला तास नव्हे, दिवस लागतात. जर्मनीतल्या एसएलएम सोल्यूशन्स या कंपनीने 2020 मध्ये बारा लेझरचे यंत्र आणले, प्रत्येक लेझर एक किलोवॉटचा. बारा गवंडी एका भिंतीवर लावले की त्यांच्यात मेळ लागतो, तसा इथेही लागतो. एका लेझरने उडवलेला धूर आणि ठिणग्या दुसऱ्याच्या वाटेत आल्या तर त्याचा किरण मंदावतो. म्हणून यंत्रात वायूचा झोत कोणत्या दिशेने वाहतो आणि कोणता लेझर आधी कुठे चालतो, हे ठरवावे लागते. दोन लेझरच्या हद्दी जिथे जुळतात तिथे केसभरही फट राहता कामा नये.

या छपाईचे महत्त्व आपल्या देशाने पाहिले आहे. इस्रोने 9 मे 2024 रोजी पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचे असे छापलेले इंजिन 665 सेकंद चालवून तपासले. आधी हे इंजिन 14 तुकडे जोडून होत असे. छपाईत ते एक झाले आणि 19 वेल्डिंगचे सांधे गेले. पूर्वी एका इंजिनाला 565 किलो धातू लागत असे, आता 13.7 किलो भुकटी पुरते. कच्च्या मालाची एवढी बचत होत असेल तर उरतो प्रश्न वेळेचा, आणि तो सोडवण्यासाठीच यंत्रांत लेझरची संख्या वाढत आहे.

या सगळ्याच्या मुळाशी महाराष्ट्राचा एक धागा आहे, तो फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. 1960 मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला. 1965 मध्ये तार ओढण्याच्या हिऱ्याच्या साच्यांना भोके पाडण्यासाठी कारखान्यात लेझर लागला. पण धातू कापण्याजोगी सलग ताकद आली ती कार्बन डायऑक्साइड लेझरमुळे, आणि तो 1964 मध्ये बेल लॅबोरेटरीज या अमेरिकी संस्थेत तयार केला चंद्रकुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म 1938 मध्ये बारामतीत झाला आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. पटेल यांचा लेझर आल्यावर तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी या लेझरला ऑक्सिजनचा झोत जोडून पोलादाचा पत्रा कापला, आणि आज आपल्या गल्लीत चालणाऱ्या कटिंग यंत्राचा आराखडा तिथे ठरला. देशात लेझर घडवण्याचे काम 1984 मध्ये स्थापन झालेल्या इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राने हाती घेतले. पहिले संचालक दिलीप भवाळकर. हे केंद्र आज राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते.

आता आपला तालुका. शेतावर बसलेल्या सौर पंपाच्या पॅनेलमध्ये पर्क प्रकारचे सेल असतील, तर त्यांच्या मागच्या थरात लेझरने बारीक वाटा उघडलेल्या असतात. शहरातल्या दुकानात भाजी ज्या पिशवीत जास्त दिवस टवटवीत राहते, तिच्या फिल्मला लेझरने डोळ्याला न दिसणारी भोके पाडलेली असतात. फिल्म वेगाने धावत असताना अनेक रांगांत एकाच वेळी. भाजी तोडल्यावरही श्वास घेत असते. भोके कमी पडली तर ती आत गुदमरते, जास्त झाली तर सुकते. सगरोळीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या परिसरात भाजीपाला आणि फळे पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटांना अशी पिशवी किती भोकांची, कोणत्या भाजीला, हे कळणे थेट पैशाचे आहे. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला; डिसेंबर 2020 मध्ये तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला, आणि वंदे भारत शयनयान गाड्यांचे काम तिथे आले आहे. पोलादी पत्र्याचे एवढे काम जिथे होते तिथे लेझर हाताळणाऱ्यांची गरज वाढतच जाणार.

बिलोली, कुंडलवाडी, देगलूर भागातला मुलगा फिटर किंवा वेल्डर होतो आणि हैदराबादला किंवा पुण्याला जातो. त्याने जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पण तो जाताना हाती कोणते कौशल्य घेऊन जातो, याची जबाबदारी इथल्या संस्थांवर आहे. अतिलघु स्पंदांचे लेझर यंत्र कोट्यवधी रुपयांचे असते. ते तालुक्यातल्या वर्कशॉपने घ्यावे हा सल्ला वेडेपणाचा होईल. असे यंत्र सामाईक असावे. केंद्राच्या सूक्ष्म आणि लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमात सामाईक सुविधा केंद्रांना मदतीची तरतूद आहे. कृष्णूरची औद्योगिक वसाहत जवळ आहे, नांदेडला 1981 पासून श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. या दोघांनी मिळून असे केंद्र मागावे, लोकप्रतिनिधींनी ते लावून धरावे, आणि तालुक्यातल्या वर्कशॉपवाल्यांना तिथे ताशी भाड्याने काम करता यावे. आयटीआयच्या वेल्डर आणि फिटरच्या मुलांना भिंग, आरसा, फोकस, तरंगलांबी ही प्रकाशाची भाषा शिकवण्यासाठी मात्र कोट्यवधी लागत नाहीत.

ती भाषा लागते याचे सर्वांत निकडीचे कारण डोळे आहेत. हातात धरायचे लेझर वेल्डिंग यंत्र आता स्वस्त होऊन लहान वर्कशॉपपर्यंत पोहोचत आहे. त्याचा किरण सुमारे एक मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा. तो चकचकीत पत्र्यावरून परावर्तित होऊन डोळ्यात गेला तर बुबुळातून आत जातो आणि डोळ्याचे भिंगच त्याला पडद्यावर एकवटते. जखम झाल्याचे कळेपर्यंत दृष्टी गेलेली असते. नेहमीच्या वेल्डिंगची काळी काच यासाठी बनवलेली नाही. त्या तरंगलांबीसाठी खास तयार केलेला, तसा शिक्का असलेला चष्मा, बंद खोली आणि धूर ओढणारा पंखा, एवढे झाल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. मालकाने चष्मा एकच घेतला आणि हेल्पर उघड्या डोळ्यांनी पत्रा धरून उभा राहिला, हे चित्र कुठेही दिसता कामा नये. किरण एकाचे शंभर झाले की वाट चुकून भटकणाऱ्या किरणांची संख्याही वाढते. म्हणून मोठी यंत्रे पूर्ण बंदिस्त असतात. लहान यंत्राला बंदिस्त करणारी शिस्त माणसालाच आणावी लागेल.

सुरुवात शाळेतही करता येईल. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शिक्षकांनी एक जुनी सीडी आणि एक मिलिवॉटहून कमी ताकदीचा लाल लेझर पॉइंटर आणावा. मुलांना पॉइंटरच्या मागे बसवावे आणि कोणाच्या डोळ्यांच्या उंचीवर किरण येणार नाही असे पाहावे. खोलीत अंधार करून किरण सीडीवर किंचित तिरका सोडला की समोरच्या भिंतीवर एकाऐवजी अनेक ठिपके उमटतात. सीडीवरच्या रेघा एकमेकींपासून 1.6 मायक्रॉनवर असतात, डीव्हीडीवरच्या 0.74 मायक्रॉनवर, म्हणून सीडीच्या जागी डीव्हीडी धरली की ठिपके लांब लांब पडतात आणि त्यांची संख्या घटते. मुलांनी पट्टी घेऊन ती अंतरे मोजावीत आणि वहीत लिहावीत. त्यांच्या हेही लक्षात येईल की मधला ठिपका सर्वांत ठळक आहे आणि कडेचे फिके. सगळे ठिपके सारख्याच उजेडाचे कसे करायचे, हा प्रश्न त्यांनी आपणहून विचारला तर शिक्षकांनी त्यांना आखेन आणि प्रागपर्यंत न्यावे. घरी आजीला विचारले तर ती चाड्यावरच्या मुठीबद्दल सांगेल.